झाकणावरचे नाव

मराठी माणसापुढे विश्वासाचा विषय निघाला, की गोष्ट पानिपतावर जाते. "विश्वास? तो तर 1761 सालीच पानिपतात गेला!" हे वाक्य आमचे अण्णा दिवसातून एकदा तरी उच्चारतात. कोणी उधारीवर सदरा शिवून मागितला की हे वाक्य ठरलेले. आणि ते बोलून झाल्यावर हसत हसत गिऱ्हाइकाचे माप घेणेही ठरलेलेच. 2025 च्या दिवाळीत मी लॅपटॉप घ्यायला निघाले, तेव्हा मात्र अण्णांनी ते वाक्य जरा निराळ्या स्वरात म्हटले. त्या स्वरामागे एक कथा आहे. ती पुढे येईलच.

लॅपटॉप घ्यायचा आहे असे चारचौघांत कधी बोलू नये. मुलीचे लग्न ठरवायचे आहे असे म्हटल्यावर जितके सल्ले येतात, त्याहून अधिक सल्ले या एका वाक्याने येतात. पूर्वी शैव आणि वैष्णव एकमेकांच्या देवळावरून जाताना म्हणे मान फिरवीत. आज ती परंपरा लॅपटॉपवाल्यांनी चालू ठेवली आहे. पुण्याचा माझा मावसभाऊ ॲपलपंथी. त्याच्या लेखी जगात एकच यंत्र आहे, बाकीची सारी पत्र्याची खेळणी. शेजारच्या काकांचा मुलगा विंडोजचा अभिमानी, "अख्खी कचेरी त्यावर चालते, तुला काय वेगळं हवंय?" हा त्याचा सवाल. आणि आमच्या वाचनालयात संगणक सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, ते लिनक्सचे उपासक. ते फारसे बोलत नाहीत. पण दुसऱ्याचे यंत्र अडले की अशा काही समाधानाने हसतात, की त्यापेक्षा ते बोलले असते तर बरे, असे वाटते.

मी हा प्रश्न इतका मनावर का घेतला, ते सांगायला हवे. दुसऱ्या वर्षाला असताना मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. प्रकल्पाचे निमित्त होते. परंतु दहा-वीस ओव्या झाल्यावर प्रकल्प मागे पडला आणि आजीच पुढे झाली. माहेरच्या, भावाच्या, सासुरवासाच्या, विठ्ठलाच्या. एकीतून दुसरी निघे. आठ महिन्यांत 211 ओव्या झाल्या. मी त्या थेट लॅपटॉपवर उतरवीत असे. वही वापरावी असे मनातही आले नाही. ती मला जुन्या काळातली वस्तू वाटे!

लॅपटॉप नवा होता, पातळ होता, दिसायला देखणा होता. त्याची हमी एक वर्षाची होती, आणि तो चौदाव्या महिन्यात बंद पडला. एका सकाळी कळ दाबली. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, काहीच नाही. जिल्ह्याच्या गावी दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथल्या तरुणाने तो उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले, की मुख्य पट्टीच बदलावी लागेल. "आणि आतलं लेखन?" मी विचारले. तो म्हणाला, साठवणुकीची चिपही त्याच पट्टीला डाग देऊन बसवलेली आहे. पट्टी गेली म्हणजे सगळेच गेले. अण्णा माझ्यासोबत होते. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, ह्याच्या आत हात कसा घालायचा?" तरुणाला तो प्रश्नच कळला नाही. "आत हात घालायचा नसतो काका," असे तो म्हणाला.

अण्णांचे उषाचे शिवणयंत्र माझ्या जन्माआधीपासून घरात आहे. त्याचा चामड्याचा पट्टा किती वेळा बदलला याची गणती नाही. दर रविवारी अण्णा त्याचे झाकण काढतात, आतली दोऱ्यांची गुंतवळ ब्रशने झाडतात, ठरलेल्या भोकांत तेलाचे थेंब सोडतात. ते यंत्र बिघडत नाही असे मुळीच नाही. महिन्यातून एकदा तरी ते रुसते. परंतु अण्णांना त्याचा भरवसा वाटतो, कारण ते कुठे रुसले आहे हे त्यांना पाहता येते. त्या दिवशी परतताना बसमध्ये ते एवढेच म्हणाले, "ज्याचं यंत्र, त्यालाच उघडायची बंदी!"

आजीला सांगितले तेव्हा तिने फारसे मनाला लावून घेतले नाही. "पुन्हा म्हणते की," म्हणाली. मी वही घेऊन बसले. पाच-सहा ओव्या आल्या आणि ती थांबली. "त्या काय रांगेनं उभ्या असतात का गं?" आजी म्हणाली, "जात्यावर हात फिरला की येतात. आता आठवून म्हटल्या तर कुठनं यायच्या?" पहिल्या खेपेला तिच्या माहेरच्या नदीवर तीन-चार ओव्या होत्या. मला त्यांचा आशय आठवत होता, शब्द आठवत नव्हते. आजीला तर त्या म्हटल्याचेही स्मरत नव्हते.

तेव्हापासून "कोणता लॅपटॉप चांगला?" हा प्रश्न माझ्यापुरता गमतीचा राहिला नाही. हाती पडेल ते वाचू लागले. एका अमेरिकन संस्थेची 2009 सालची पाहणी वाचनात आली. स्क्वेअरट्रेड हे त्या संस्थेचे नाव. यंत्रांची वाढीव हमी विकणे हा तिचा धंदा, त्यामुळे बिघाडाचा हिशेब तिच्याइतका पोटतिडकीने दुसरे कोण ठेवणार? तीस हजारांवर लॅपटॉप तिने तपासले होते. तीन वर्षांत शंभरांतले सुमारे 31 लॅपटॉप कामातून गेले. त्यांतले 20 आपल्या आपण बिघडले, उरलेले पडझडीने किंवा पाणी-चहा सांडल्याने. कंपनीवार आकडेही होते. असूस आणि तोशिबा सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत भरवशाच्या, सुमारे 16 टक्के. त्यांच्या मागोमाग सोनी. आणि यादीच्या दुसऱ्या टोकाला एचपी, 25 टक्क्यांच्या थोडी वर.

आता या यादीची पुढची गंमत पाहा. त्या यादीवर विसंबून कोणी सोनीचा लॅपटॉप घेतला असता, तर 2014 साली त्या कंपनीने संगणकाचा व्यवसायच विकून टाकला. तोशिबाने 2018 साली आपला लॅपटॉपचा धंदा बहुतांशी शार्पच्या हवाली केला आणि 2020 पर्यंत उरलासुरला वाटाही देऊन टाकला. पहिल्या तिघांतले दोघे वर्गच सोडून गेले! शिवाय त्या आकड्यांत पहिला आणि शेवटचा यांच्यातले अंतर शेकड्यामागे दहाचे. म्हणजे उत्तमातले उत्तम नाव निवडले तरी सहांतला एक लॅपटॉप तीन वर्षांत आपण होऊन बिघडायचाच. तो एक आपल्याच वाट्याला येणार नाही, असे कोणत्याही झाकणावर लिहिलेले नसते.

आणि झाकणावरच्या नावाला अर्थ तरी किती? तैवानमध्ये क्वांटा, कंपाल, विस्ट्रॉन अशा कंपन्या आहेत. ही नावे आपल्याकडे कोणाच्या कानावरूनही गेलेली नसतात. परंतु जगातल्या नामांकित कंपन्यांचे लॅपटॉप मोठ्या संख्येने बांधून देण्याचे काम त्याच करतात. एकाच छताखाली दोन प्रतिस्पर्धी नावांची यंत्रे तयार होतात. आत प्रोसेसर इंटेलचा वा एएमडीचा, पडदा एखाद्या कोरियन वा चिनी कारखान्याचा. अण्णांना हे ऐकून नवल वाटले नाही. मोठ्या दुकानांचे नाव लावलेले सदरे कोण शिवते, हे शिंप्याला माहीत असते.

म्हणून 'ही कंपनी चांगली, ती वाईट' या वादात मला पुढेपुढे रस राहिला नाही. त्याच कंपनीचा कचेऱ्यांसाठी बांधलेला लॅपटॉप वेगळा आणि सणासुदीला सवलतीत विकायचा वेगळा. पहिल्याचे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात, कारण हजार यंत्रे घेणारे गिऱ्हाईक ते मागते. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे मला, कोण विचारतो? नावाजलेल्यांच्याही चुका होतातच. मावसभावाच्या ॲपलने 2015 साली फुलपाखराच्या पंखांसारखी रचना असलेला एक पातळ कळफलक आणला. त्यात धुळीचा कण शिरला तरी कळ अडे, किंवा एक अक्षर दोनदा उमटे. 2018 मध्ये कंपनीने ते कळफलक फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली, 2019 नंतर ती रचनाच सोडून दिली, आणि 2022 साली अमेरिकेत त्यापायी पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. हे मी मावसभावाला सांगितले. तो म्हणाला, "ते जुनं झालं. आता 2020 पासूनची यंत्रं बघ." त्यातही तथ्य आहे. ॲपलने 2020 साली स्वतःचा प्रोसेसर घातल्यापासून ती यंत्रे तापत नाहीत आणि बॅटरी दिवसभर पुरते, हे मी त्याच्याच घरी पाहिले. फक्त त्यांचीही साठवणूक पट्टीलाच जोडलेली असते. एकदा पोळलेल्या माणसाने ताकाकडे ज्या नजरेने पाहावे, त्या नजरेने मी ते यंत्र पाहिले.

कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न याहून अवघड निघाला. यंत्र बिघडले तर ते निदान बिघडल्याचे दिसते. विंडोज 10 ही प्रणाली 2015 सालची; 14 ऑक्टोबर 2025 रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, तिची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. घरगुती गिऱ्हाइकांना सुरक्षेपुरती वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, तेवढेच. पुढच्या विंडोज 11 ला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण 2017-18 पूर्वीची धडधाकट यंत्रेही तिच्या दारातून परत फिरतात. हातपाय शाबूत असताना केवळ जन्मतारखेवरून निवृत्त होणाऱ्या मास्तरांसारखीच ही स्थिती.

तरीही विंडोजची निंदा करण्यात मला शौर्य वाटत नाही. गावातल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याला ती येते, वीस वर्षांपूर्वीचे कार्यक्रमही तिच्यावर बहुधा चालतात. 19 जुलै 2024 रोजी जगभरचे सुमारे 85 लाख संगणक एकाएकी निळे पडदे दाखवू लागले, तेव्हा नाव विंडोजचे झाले. पण दोष होता क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाच्या एका सदोष सुधारणेचा. त्या दिवशी आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्यात आले. वर्तमानपत्रात त्या पासाचे छायाचित्र पाहून आजीने विचारले होते, "ह्यात काय एवढं? पूर्वी एसटीचा कंडक्टर तर रोज फाडून द्यायचा." राखणदाराला तिजोरीच्या किल्ल्या द्याव्या लागतात, आणि तोच अडखळून पडला तर तिजोरी उघडतच नाही, त्या दिवशी झाले ते असे. ॲपलने असल्या परक्या राखणदारांना आपल्या प्रणालीच्या गाभाऱ्यापासून बरेच दूर ठेवले आहे. लिनक्समध्ये असे अपघात घडू शकतात.

लिनक्सची जन्मकथा आपल्यासारख्यांना आवडावी अशी आहे. 1991 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हौस म्हणून हे काम आरंभिले आणि ते इतरांपुढे उघडे ठेवले. आज जगातले पहिले 500 महासंगणक त्यावरच चालतात. आमच्या वयाच्या मुलाने हौसेने आरंभिलेले काम! (आमची हौस बहुधा गॅदरिंगपर्यंत टिकते.) पण वाचनालयातले गृहस्थ सांगतात तितके ते निर्वेध नाही. एखाद्या लॅपटॉपवरचा बोटाचा ठसा ओळखणारा भाग चालत नाही, एखादा प्रिंटर ओळख दाखवीत नाही, आणि छापखान्यात पाने जुळवायचे जे कार्यक्रम आहेत ते तर तिथे चालतच नाहीत. त्यांना हे म्हटले की ते म्हणतात, "चालेल, थोडं वाचावं लागेल." हे 'थोडं' म्हणजे किती, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक.

येथे माझ्या ओव्यांचा धागा पुन्हा जुळतो. सगळ्या ओव्या गेल्या असे मी समजत होते. पण सुरुवातीच्या 40 ओव्या मी एका मैत्रिणीला वाचायला दिल्या होत्या आणि त्या तिच्या पेन ड्राइव्हवर निघाल्या. मी धावतच वाचनालयात गेले. फाइल उघडली, आणि पडद्यावर काय? रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची खूण यांचा खच. एकही मराठी अक्षर नाही!

कारण असे, की मी त्या छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये टंकित केल्या होत्या. आपल्या वार्षिकांकाचे लेखही कित्येक वर्षे त्याच फाँटमध्ये मागवले जात. हे जुने फाँट म्हणजे दशावतारी खेळातली सोंगे आहेत. आत रोमन अक्षरच असते. वरून त्याला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ज्या यंत्रावर तो मुखवटा नाही, तिथे आतला माणूस उघडा पडतो. युनिकोडमध्ये तसे नाही. 1991 पासून त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा 0915, मग यंत्र कोणाचेही असो. विंडोज, ॲपल, लिनक्स तिन्ही हा क्रमांक सारखाच वाचतात. 2000 सालच्या विंडोजपासून ही सोय आपल्या दाराशी आहे, आणि मी 2024 साली मुखवट्यात लिहीत होते, ही चूक माझी आणि केवळ माझी.

जुन्या फाँटचे युनिकोड करणारा एक कार्यक्रम त्या गृहस्थांनी चालवून दिला. चाळीसही ओव्या परत आल्या, पण अंगावर जखमा घेऊन. 'सासऱ्या'चा सगळीकडे 'सासर्या' झाला होता, 'दुसऱ्या'चा 'दुसर्या'. मराठीला ऱ्य आणि र्य यांतला भेद लागतो. त्यासाठी युनिकोडमध्ये 'ऱ' ला वेगळा क्रमांकही आहे, 0931. त्या कार्यक्रमाला हे कोणी सांगितले नव्हते. मी एकेक ओवी हाताने दुरुस्त केली. आजीच्या ओव्यांत सासरा फार वेळा येतो, हे तेव्हा लक्षात आले.

अखेर लॅपटॉप घेतला तो असा. विंडोज 10 ची मुदत संपत आल्याने कचेऱ्यांनी मोडीत काढलेली यंत्रे बाजारात आली होती. बसस्थानकासमोरच्या दुरुस्तीवाल्याने त्यांतला एक 2016 सालचा थिंकपॅड पंधरा हजारांच्या आत दिला. काळा, चौकोनी, जेवणाच्या डब्यासारखा. या नावाची एक हकीकत आहे: आयबीएम कंपनीच्या नोकरांजवळ 'थिंक' हा शब्द छापलेली चामडी वेष्टनाची छोटी टिपणवही असे, तिच्यावरून 1992 साली हे नाव ठेवले. 2005 साली आयबीएमने तो सगळा व्यवसाय चीनच्या लेनोवोला विकला, आणि तरीही यंत्राच्या मधोमध बसवलेले ते लाल बोंडूक तसेच राहिले. वहीवरून नाव ठेवलेले यंत्र माझ्या वाट्याला आले, याचे मला मनातून बरे वाटले.

मी दर विचारला, मावसभावाने फोनवरून प्रोसेसर विचारला, आणि अण्णांनी खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला. "आत हात कसा घालायचा?" त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटे करून खालचे स्क्रू दाखवले. अण्णांनी ते स्वतः सोडवले, झाकण अलगद उचलले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. साठवणुकीची डिस्क वेगळी होती. निघत होती, पुन्हा बसत होती. त्यांनी ती तीनदा काढून बसवली. पंख्यात धूळ होती. "ब्रश आहे का?" त्यांनी विचारले. दुरुस्तीवाल्याने हसत ब्रश दिला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथंच कामाला या."

या यंत्राला विंडोज 11 दारात उभे करीत नाही, म्हणून त्यावर लिनक्स घातले. वाचनालयातल्या गृहस्थांनी ते काम एका दुपारी केले आणि त्या दिवशी ते प्रथमच माझ्याशी सलग अर्धा तास बोलले. यंत्राची बॅटरी दोन तासही टिकत नाही. बोटाचा ठसा ते ओळखत नाही. वजन असे, की पाठीवर घेतले तर एसटीत शेजारी बसणारा कुरकुरतो. मावसभावाने ते पाहून "हा लॅपटॉप आहे की पाटा?" असे विचारले, आणि दिवाळीचे चार दिवस त्याने स्वतःच्या पातळ यंत्रावर मला बोटही ठेवू दिले नाही. दर शनिवारी मी लिहिलेले सारे एका पेन ड्राइव्हवर उतरवते, दुसरी प्रत मैत्रिणीकडे पाठवते. आणि दोनशे पानी वही घेतली आहे. आजी म्हणते ते आधी तिच्यात जाते.

अण्णांनी माळ्यावरचे जाते खाली उतरवले. दळायला काही नसले तरी आजी मूठभर जोंधळे घालते आणि खुंट्याला हात लावते. थोड्या वेळाने तिचा आवाज लागतो. मी वहीत लिहीत असते, लॅपटॉप बाजूला मिटलेला असतो. परवा रविवारी जाते थांबवून तिने त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "हा किती वर्षं जायचा?" अण्णा शिवणयंत्रावरून म्हणाले, "जाईल तितका जाऊ दे, उघडता येतो." पहिल्या खेपेला ओव्या 211 होत्या. त्या चाळीस धरून आज 173 झाल्या आहेत. नदीवरच्या अजून आलेल्या नाहीत.